ओझे वाहणाऱ्याच्या हाती चषक

गोल्फ हा शब्द कानावर पडला की आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. कापून सारखी केलेली शेकडो एकर हिरवळ, पांढरी टोपी घातलेला एखादा बडा साहेब आणि त्याच्या मागे दांड्यांनी भरलेली जड पिशवी खांद्याला लावून चालणारा एक पोरगा. वर्तमानपत्रात फोटो छापून येतो तेव्हा खाली नाव साहेबाचे असते. पिशवी उचलणाऱ्याचे नाव कुणी विचारत नाही. त्या खेळात त्याला ‘कॅडी’ म्हणतात, आणि एवढीच त्याची ओळख असते.

अशा श्रीमंतांच्या खेळावर या स्तंभात कशाला लिहायचे, असा प्रश्न वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. कसारा लोकल खर्डी सोडून पुढे निघाली की उंबरमाळी लागते. शहापूर तालुक्यातला हा मुलूख ओझे वाहणाऱ्यांचा आहे. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आयाबहिणी डोक्यावर हंड्यावर हंडा ठेवून मैलभर चालतात. भातकापणी आटोपली की कातकरी कुटुंबे पोराबाळांसह वीटभट्टीची वाट धरतात. दुसऱ्याचे ओझे उचलणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको. म्हणूनच दुसऱ्याची पिशवी उचलता उचलता जगातली सर्वात मोठी गोल्फ स्पर्धा जिंकणाऱ्या एका फ्रेंच पोराची कथा इथल्या वाचकाने वाचली पाहिजे. मात्र ती भाबडेपणाने वाचून चालणार नाही. तिच्यात आनंदाची गोष्ट आहे, तशी सावधगिरीची सूचनाही आहे.

मेंढपाळाचा पोर

आर्नो मासी याचा जन्म ६ जुलै १८७७ चा. गाव बियारित्झ. फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, स्पेनच्या हद्दीजवळ, समुद्रकाठी वसलेले. तो जन्माने बास्क. बास्क लोकांची भाषा फ्रेंचही नाही आणि स्पॅनिशही नाही. दोन बलाढ्य राष्ट्रांच्या सीमेवर दबून राहिलेला हा स्वाभिमानी समाज. बाप मेंढ्या पाळणारा. घरची परिस्थिती बेताची. पोरगा सार्डिन मासळी पकडणाऱ्या होडीवर कामाला जाऊ लागला.

त्या काळी थंडीच्या दिवसांत इंग्लंडचे धनिक हवापालटासाठी बियारित्झला येत. त्यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे आपल्या करमणुकीसाठी गोल्फचे मैदान तयार करून घेतले. मैदान झाले तशी पिशव्या उचलणाऱ्या पोरांची गरज निर्माण झाली. मासळीच्या कमाईला जोड म्हणून मासी पिशव्या उचलू लागला.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दीड-दोनशे ते पाचशे-साडेपाचशे मीटर लांबीच्या अठरा टप्प्यांचे मैदान असते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी जमिनीत एक लहान खळगा. वेगवेगळ्या आकाराच्या दांड्यांनी लहानसा चेंडू टोलवत त्या खळग्यात घालायचा. सर्वात कमी फटक्यांत अठरा खळगे पुरे करणारा जिंकतो. खेळणाऱ्याला आणि पिशवी उचलणाऱ्याला मिळून सहा-आठ किलोमीटरची पायपीट होते. फरक इतकाच की एकाच्या हातात एक दांडा असतो आणि दुसऱ्याच्या खांद्यावर उरलेले सगळे.

पण कॅडी नुसता हमाल नसतो. वारा कुठून वाहतो, चढ किती आहे, गवत कुठे दाट आहे, चेंडू कुठे घसरेल हे त्याला कळावे लागते. चांगल्या खेळाडूंचे फटके तो रोज जवळून पाहतो. बियारित्झला ब्रिटनमधले कसलेले व्यावसायिक खेळाडूही थंडीत सरावाला येत. मासी त्यांना पाहत होता. मूळचा तो डावखुरा. हाताशी मिळणारे दांडे मात्र उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे. तेव्हा तो उजव्या हाताने खेळायला शिकला. ज्याच्या मालकीचे साधन नसते त्याला आपले शरीरही साधनाच्या मालकाप्रमाणे वळवावे लागते. हे आपल्यापैकी कुणाला नवे आहे?

त्याच्या अंगातली ताकद आणि हातातली जादू बड्या लोकांच्या लक्षात आली. १८९८ च्या सुमारास तो स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिक या गावी गेला आणि तिथल्या नामांकित खेळाडूंबरोबर राहून खेळात तयार झाला. १९०६ साली पॅरिसजवळच्या ला बुली मैदानावर पहिली फ्रेंच ओपन स्पर्धा झाली. ती मासीने जिंकली.

होयलेकचे दोन दिवस

ब्रिटिश ओपन ही स्पर्धा १८६० पासून चालत आलेली. १९०६ पर्यंत तिच्यात ब्रिटनबाहेरचा एकही माणूस जिंकला नव्हता. हा आमचा खेळ, आमची माती, आमचा चषक, असा त्यांचा ताठा. जून १९०७ मध्ये लिव्हरपूलजवळच्या होयलेक येथे ही स्पर्धा भरली. समुद्रावरून येणारा वारा इतका की फटका मारलेला चेंडू कुठे जाईल याचा नेम नाही. पण मासी हा समुद्रकाठी वाढलेला, होडीवर राबलेला माणूस. वाऱ्याची त्याला सवय होती.

चार फेऱ्यांपैकी तीन झाल्या तेव्हा इंग्लंडचा जे. एच. टेलर एका फटक्याने पुढे होता. हा टेलर साधासुधा नव्हे, त्याआधी तीन वेळा ही स्पर्धा जिंकलेला. शेवटच्या फेरीत टेलरला ८० फटके लागले, मासीला ७७. एकूण हिशेब मासी ३१२, टेलर ३१४. दोन फटक्यांच्या फरकाने मेंढपाळाच्या पोराने ब्रिटिशांचा चषक उचलला. त्याच सुमारास त्याला मुलगी झाली. तिच्या नावात त्याने त्या मैदानाचे नाव घातले, ‘होयलेक’. आपल्याकडे लढ्याच्या, सत्याग्रहाच्या आठवणीने मुलांची नावे ठेवणारे कार्यकर्ते आहेत. त्यांना या बापाचे मन समजेल.

पुढे १९११ साली सँडविच येथे त्याने पुन्हा पहिल्या क्रमांकाची बरोबरी केली. जेतेपदासाठी हॅरी व्हार्डनबरोबर छत्तीस खळग्यांचा वेगळा सामना झाला. पस्तिसाव्या खळग्यावर मासीने हार मान्य केली. १९१२ साली पहिली स्पॅनिश ओपन भरली, ती त्याने जिंकली. मग महायुद्ध आले. मासी फ्रेंच सैन्यात गेला आणि व्हर्दूनच्या रणधुमाळीत जखमी झाला. युद्धाने उमेदीची वर्षे खाल्ली, पण माणूस खचला नाही. १९२५ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याने फ्रेंच ओपन चौथ्यांदा जिंकली. १९२७ आणि १९२८ या दोन्ही वर्षी स्पॅनिश ओपनही जिंकली. १९५० साली एत्रेता या गावी तो वारला. १९०७ नंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी दुसऱ्या फ्रेंच पुरुषाला ब्रिटिश ओपन जिंकता आलेली नाही. १९९९ साली ज्याँ व्हान द वेल्द हा खेळाडू शेवटच्या खळग्यापर्यंत तीन फटक्यांनी पुढे होता, पण तिथेच घसरला आणि चषक हातचा गेला.

युरोप खंडातला दुसरा विजेता यायला १९७९ साल उजाडावे लागले. तो सेव्हेरियानो बायेस्तेरोस. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या पेद्रेन्या गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा. तोही कॅडी. मैदानावर खेळायची मुभा नाही म्हणून एकाच जुन्या दांड्याने समुद्रकाठच्या वाळूत गोटे टोलवत शिकलेला. बहात्तर वर्षांच्या अंतराने युरोपातून दोन विजेते निघाले आणि दोघेही पिशवी उचलणारे! या योगायोगाला अर्थ आहे. कष्टकऱ्याच्या पोराला साधनाचा स्पर्श होऊ द्या, त्याला उस्तादाला जवळून पाहू द्या, मग गुणवत्ता कुणाच्या घरात राहते ते आपोआप दिसते. गुणवत्तेची मक्तेदारी सांगणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

चषक हाती, दार मागचे

आता कथेची दुसरी बाजू. मासीच्या काळात गोल्फमध्ये दोन प्रकारचे लोक असत. एक हौशी, म्हणजे पोटाची चिंता नसलेले, क्लबाचे सभासद. दुसरे व्यावसायिक, म्हणजे खेळावर पोट असलेले. हे व्यावसायिक क्लबाचे नोकर समजले जात. त्यांनी सभासदांना शिकवायचे, दांडे बनवायचे, दुरुस्त करायचे. स्पर्धा जिंकली तरी क्लबाच्या इमारतीत पुढच्या दाराने प्रवेश नाही. कपडे बदलायचे ते कामाच्या खोपटात. निकालपत्रात हौशी खेळाडूच्या नावाआधी ‘मिस्टर’ लागायचे, व्यावसायिकाचे नुसते आडनाव. खेळात सर्वात श्रेष्ठ कोण, हे सगळ्यांना माहीत होते. पण पंगतीत कुणी बसायचे, हे जन्म आणि पैसा ठरवत होता.

१९२० साली अमेरिकेचा वॉल्टर हेगन हा व्यावसायिक खेळाडू ब्रिटिश ओपनसाठी डील या गावी आला. क्लबात कपडे बदलायला मनाई आहे असे कळल्यावर त्याने भाड्याची आलिशान मोटार क्लबाच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. १९२३ साली ट्रून येथे बक्षीस समारंभासाठी आत बोलावले तेव्हा त्याने आत पाऊल ठेवले नाही. स्पर्धाभर ज्या दारातून मज्जाव केला त्या दारातून शेवटी मेहेरबानी म्हणून आत जाणे त्याला मान्य नव्हते. स्वाभिमान म्हणतात तो हा.

आपल्या दृष्टीने मात्र हेगनपेक्षा महत्त्वाचा माणूस आहे तो होयलेकला मासीकडून हरलेला टेलर. १८७१ साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात मजुराच्या घरी जन्मलेला. अकराव्या वर्षी शाळा सुटली. बूट पुसायचे काम केले, पिशव्या उचलल्या. पुढे ब्रिटिश ओपन एकूण पाच वेळा जिंकली. पण त्याचे खरे काम मैदानाबाहेरचे आहे. १९०१ साली त्याने व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. क्लबांनी व्यावसायिकांच्या पोटावर पाय आणणारे व्यवहार सुरू केले होते. एकेकट्याने तक्रार केली तर नोकरी जाणार, म्हणून सगळे एकत्र आले. पुढे टेलर कामगार-कारागीर गोल्फपटूंच्या संघटनेतही आघाडीवर राहिला आणि सामान्य माणसाला परवडतील अशी सार्वजनिक मैदाने व्हावीत म्हणून झटला. लंडनच्या रिचमंड पार्कमधले सार्वजनिक मैदान १९२३ साली सुरू झाले.

मासीने चषक जिंकला. टेलरने चषकही जिंकले आणि आपल्यामागून येणाऱ्यांसाठी वाटही केली. या दोन कामगिऱ्यांमधला फरक आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे.

त्याच उन्हाळ्यात बाळू

१९११ च्या उन्हाळ्यात मासी सँडविचला व्हार्डनशी झुंजत होता, तेव्हा त्याच इंग्लंडमध्ये आपला एक माणूस गोऱ्यांच्या फलंदाजांना नाचवत होता. पालवणकर बाळू. जन्म १८७६ चा, म्हणजे मासीहून एका वर्षाने मोठे. चर्मकार समाजातले. पटियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या भारतीय संघातून खेळताना त्यांनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

दोघांची सुरुवात किती सारखी! मासीने साहेबांच्या पिशव्या उचलल्या. बाळूंनी पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडली, रोलर फिरवला, मग युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर जाळी लावली. सरावासाठी साहेबांना गोलंदाज हवा होता म्हणून बाळूंच्या हाती चेंडू आला. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजीची मेहनत नोकराची. त्या मेहनतीतून देशातला पहिला महान गोलंदाज घडला.

इथून पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. मासी गरीब होता, बास्क होता, नोकर वर्गातला होता. पण जिंकल्यावर फ्रान्समध्ये त्याच्यासाठी पाण्याचा पेला वेगळा ठेवला नाही. बाळू पुण्याच्या हिंदू संघातून खेळू लागले, संघाला जिंकून देऊ लागले, तरी त्यांना चहा बाहेर मातीच्या टाकाऊ भांड्यात मिळत होता आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जात होते. ज्या बोटांनी टाकलेला चेंडू चालत होता त्याच बोटांचा स्पर्श चालत नव्हता. चेंडूला विटाळ नाही, माणसाला आहे, असे हे शास्त्र! इतके बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. त्यासाठी १९२० साली पालवणकर बंधूंना निषेध म्हणून बाजूला व्हावे लागले. १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले तेव्हा कुठे कोंडी फुटली.

इंग्रजांच्या क्लबातली विषमता वर्गाची होती. ती कठोर होती, अपमानकारक होती, पण पैसा, कीर्ती आणि संघटना यांच्या रेट्याने ती वाकली. आपल्याकडच्या विषमतेला जन्माचा आणि धर्माचा आधार आहे. ती कीर्तीपुढे सहजासहजी वाकत नाही. पुढे बाळू काँग्रेसच्या गोटात गेले आणि १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले, हा इतिहास आपल्या वाचकांना माहीत आहे. एखाद्या गुणवंताला प्रस्थापितांनी आपल्या कामासाठी कसे वापरावे, याचे तेही उदाहरणच. त्यामुळे बाळूंच्या कर्तृत्वाचे मोल कमी होत नाही. पण एकटा वर चढलेला माणूस किती एकाकी असतो, हे त्यातून कळते.

महूचा मुकेश, कोलकात्याचा चौरसिया

ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सर्वात जुना गोल्फ क्लब आपल्याच देशात आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब, स्थापना १८२९. त्यानंतर मुंबई, पुणे आणि लष्करी छावण्यांतून हा खेळ पसरला. मुंबईत १९१७ साली विलिंग्डन क्लब निघाला, १९२७ साली चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब निघाला. साहेब गेले, त्यांच्या खुर्च्यांवर आपले साहेब बसले. पिशवी उचलणारा होता तिथेच राहिला.

पण इथेही तोच इतिहास घडला. इंडियन ओपन ही स्पर्धा १९६४ पासून सुरू आहे. १९६५ साली पी. जी. सेठी या हौशी भारतीय खेळाडूने ती जिंकली. त्यानंतर पंचवीस वर्षे भारतीयाला यश नाही. १९९१ साली अली शेर याने ती जिंकली आणि १९९३ साली पुन्हा जिंकली. हा अली शेर दिल्लीच्या गोल्फ क्लबातला कॅडी होता. शिवशंकर प्रसाद चौरसिया हा कोलकात्याचा. त्याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात हिरवळ राखण्याचे काम करत. माळ्याच्या या मुलाने २००८ साली दिल्लीत युरोपियन टूरची इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकली, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले.

आणि महू! बाबासाहेबांच्या जन्माने पावन झालेली ही लष्करी छावणी. त्याच महूचा मुकेश कुमार. देशांतर्गत व्यावसायिक स्पर्धांत शंभराहून अधिक विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्याने दिल्लीत पॅनासोनिक ओपन जिंकली. आशियाई टूरवरचा तो त्याचा पहिला विजय. ज्या वयात आपल्याकडे माणसे निवृत्तीचे अर्ज लिहू लागतात त्या वयात हा माणूस तरण्या पोरांना मागे टाकून उभा राहिला. या खेळाडूंची जात शोधत बसण्याचे आपल्याला कारण नाही. ते ज्या घरांतून आले ती घरे क्लबाच्या सभासदांची नव्हती, एवढे पुरेसे आहे.

अली शेर, चौरसिया आणि मुकेश कुमार यांच्या या विजयांशी ज्या दिल्ली गोल्फ क्लबाचे नाव जोडलेले आहे, त्याच क्लबात जून २०१७ मध्ये काय घडले? मेघालयातली एक खासी आदिवासी स्त्री आपला पारंपरिक पोशाख घालून जेवणाच्या दालनात बसली होती. तिचा पोशाख मोलकरणीसारखा दिसतो असे सांगून तिला उठायला लावले. देशभर बातम्या आल्या, टीका झाली. ती आमंत्रित पाहुणी होती. कॅडीचा पोर मैदानावर जिंकतो त्याचे फोटो भिंतीवर लागतात, पण त्याच्यासारखी दिसणारी बाई टेबलावर चालत नाही. १९०७ सालचे मागचे दार अजून पुरते बंद झालेले नाही, हे यावरून दिसते.

दर्बानचा पाऊस

आणखी एक आठवण सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या दर्बान शहरात भारतीय मजुरांच्या वंशात जन्मलेला सेवसंकर सेवगोलम, लोक त्याला ‘पापवा’ म्हणत. तोही कॅडी. लिहिता-वाचता येत नव्हते. दांडा धरताना त्याच्या हातांची जागा सगळ्या जगाच्या उलटी असे. त्याने डच ओपन तीन वेळा जिंकली, १९५९, १९६० आणि १९६४. १९६३ साली दर्बानमध्ये गोऱ्या खेळाडूंना हरवून नाताळ ओपन जिंकली. त्या दिवशी पाऊस पडत होता. गोरे खेळाडू आणि पाहुणे क्लबाच्या इमारतीत बसले होते. वर्णद्वेषी कायद्यामुळे विजेत्याला आत जाता येत नव्हते. त्याला चषक बाहेर, पावसात दिला गेला. तो फोटो जगभर गेला आणि त्या राजवटीची लाज निघाली. १९६५ साली त्याने जगप्रसिद्ध गॅरी प्लेअरला मागे टाकून तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. तेव्हा सरकारने काय केले? त्याला परवानग्या नाकारल्या, स्पर्धांचे दरवाजे बंद केले. १९७८ साली तो गेला.

अमेरिकेतही १९६१ पर्यंत व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या नियमात फक्त गोऱ्यांनाच सभासदत्व होते. ऑगस्टाच्या प्रसिद्ध मैदानावर काळ्या खेळाडूला पहिल्यांदा खेळायला मिळाले ते १९७५ साली, ली एल्डर याला. त्याआधी तिथे काळी माणसे होती, पण ती पिशव्या उचलणारी होती.

मग आपण काय मागायचे?

दरवर्षी कुणीतरी एक अली शेर, एक चौरसिया निघतो. प्रसारमाध्यमे त्याची ‘गरिबीतून श्रीमंतीकडे’ अशी गोड गोष्ट सांगतात. बघा, ज्याच्यात दम आहे तो वर येतोच, असे सांगून आपल्याला गप्प केले जाते. पण अनेक क्लबांत कॅडींना खेळायला मिळते ते आठवड्याच्या एखाद्या बंद दिवशी. बहुतेक ठिकाणी कॅडी हा क्लबाचा कामगार म्हणून नोंदलेलाच नसतो. खेळणारा साहेब फेरीमागे जे देईल ते. पगार नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणात आधार नाही. २०२० च्या टाळेबंदीत मैदाने बंद झाली आणि या लोकांची चूल विझायची वेळ आली. शेकडो पिशव्या उचलणाऱ्यांतून एक जिंकतो म्हणून बाकीच्यांची पिळवणूक न्याय्य ठरत नाही. एकाच्या विजयाला संधीची समानता म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. अठरा खळग्यांच्या एका मैदानाला शंभराहून अधिक एकर जमीन लागते. आपल्या शहापूर-मुरबाडचा आदिवासी शेतकरी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली एक-दोन एकरांच्या दळी प्लॉटसाठी वर्षानुवर्षे तहसील आणि प्रांत कार्यालयाचे उंबरे झिजवतो. नाशिक महामार्गाच्या दोन्ही बाजूंना फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभी राहिली. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा २०२५ साली खुला झाला आणि जमिनीवर धनिकांची नजर आणखी वाढली. या हिरवळी राखायला, पोहण्याचे तलाव धुवायला, सामान उचलायला आपलीच पोरे जातात. काम वाईट नाही, कष्टाची लाज आपल्याला नाही. पण ज्या हिरवळीवर तो राबतो त्या हिरवळीवर त्याचे पोर खेळू शकते का? राबणाऱ्याची हजेरीपटावर नोंद आहे का? किमान वेतन मिळते का? हे प्रश्न विचारायला हवेत.

उंबरमाळीच्या पोराने गोल्फच खेळावे असा आग्रह नाही. दरड चढून शाळेत जाणाऱ्या, धावण्यात आणि तिरंदाजीत उपजत तरबेज असणाऱ्या या मुलांना धड मैदान हवे. आश्रमशाळेत शिकवणारा, रोज हजर राहणारा क्रीडाशिक्षक हवा. तालुक्याच्या क्रीडा संकुलापर्यंत जायला गाडीभाडे हवे. ग्रामसभेत हे विषय आले पाहिजेत. समाजमंदिर बांधताना त्याच्या शेजारी चार गुंठे मोकळी जागा राखली पाहिजे. कुणा दानशूराच्या मेहेरबानीने एखाद्याला दांडा मिळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा सगळ्यांना मैदान मिळवून देणे हे आपले काम आहे.

आणि जे आपले बांधव रिसॉर्टवर, क्लबात, फार्महाऊसवर राबतात त्यांनी टेलरचा धडा घ्यावा. तो पाच वेळा जिंकला तरी त्याला कळले होते की एकट्याच्या चषकाने मागच्या दाराचे पुढचे दार होत नाही. म्हणून त्याने संघटना बांधली. ‘संघटित व्हा’ हा मंत्र बाबासाहेबांनी आपल्याला दिला तो याच कारणासाठी. मासीचा पराक्रम मनात ठेवावा, बाळूंचा अपमान विसरू नये आणि टेलरचे काम आपल्या गावात सुरू करावे.

ओझे वाहणारे खांदे दुबळे नसतात. त्यांना फक्त इतके कळले पाहिजे की ओझे कुणाचे आहे आणि मैदान कुणाचे असायला हवे.